जहाजावरचं पाणी आणि शाळेची टाकी

(स्नेहमिलन सोहळ्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "जहाजावरच्या गमती सांग" अशी आज्ञा केली आहे. गमती पुष्कळ आहेत, त्या पंगतीत सांगीन. इथे एकाच विषयावर बोलणार आहे, तो म्हणजे पिण्याचं पाणी. आपल्या बॅचतर्फे शाळेला 2000 लिटरची टाकी आणि थंड पाण्याचं यंत्र भेट दिलं जात आहे. थोड्या वेळाने फीत कापली जाईल, फोटो निघेल, आणि तो या स्मरणिकेतही छापला जाईल. मी जहाजांच्या यंत्रविभागात तीस वर्षं काढली. त्या नोकरीने मला शिकवलेली एक गोष्ट या फोटोच्या आधी तुमच्या कानावर घालायची आहे. टाकी बसवणं एका दिवसाचं काम आहे. तिच्यातलं पाणी पिण्याजोगं ठेवणं हे रोजचं काम आहे.

सुट्टीवर मोहाडीला आलो की आमच्या मोहल्ल्यातला एक मित्र दरवेळी विचारायचा, "काहून गा, एवढ्या समुद्रात राहून तुले पानी भरून न्यावा लागते?" आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. तलावांचा जिल्हा म्हणून आपली ओळख. गावागावात तलाव आणि बोड्या, शेजारून वैनगंगा वाहते. पाण्यावर राहून पाण्याची टंचाई, ही कल्पनाच आपल्याला पटत नाही.

पण समुद्राचं पाणी पिता येत नाही. त्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला आपल्या मूत्रपिंडांना प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. म्हणजे पिणारा अधिकच कोरडा पडतो. म्हणून दर्यावर्दी माणसाचा जीव गोड्या पाण्याच्या साठ्यात अडकलेला. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणसमोरच्या खडकाळ बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्या किल्ल्यात चारी बाजूंनी खारा समुद्र असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. लोकांनी त्यांना नावं किती प्रेमाने दिली पाहा: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. समुद्रात गोड्या पाण्याची किंमत काय असते, ते या नावांतच आलं.

किल्ल्याला विहीर असते, जहाजाला नसते. जुन्या शिडाच्या जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत भरून नेत. काही आठवड्यांत ते हिरवट, बुळबुळीत आणि वासट व्हायचं. एकोणिसाव्या शतकात लोखंडी टाक्या आल्या, पुढे समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारी यंत्रं आली. तरीही मूळ अडचण तीच राहिली. भरताना चांगलं असलेलं पाणी पिताना चांगलं असेलच, असं नाही. मधल्या दिवसांत काय होतं, तिथे सगळं अवलंबून असतं.

आता आजच्या मालवाहू जहाजाविषयी. वीस-बावीस माणसं, आणि पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे मिळून दिवसाला आठ-दहा टन पाणी लागतं. टन म्हणजे 1000 लिटर. यातलं काही बंदरावर भरून घेतो, बाकीचं जहाजावरच तयार करतो. मुख्य इंजिन थंड ठेवणारं पाणी इंजिनातून बाहेर पडतं तेव्हा 80 अंशांच्या आसपास गरम असतं. ती उष्णता फुकट न घालवता आम्ही समुद्राचं पाणी तापवायला वापरतो. यंत्रातली हवा काढून निर्वात केलेली असते, त्यामुळे तिथे पाणी 50-60 अंशांनाच उकळतं. त्याची वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं.

इथे गुरुजींनी शिकवलेलं विज्ञान कामी येतं. आपण म्हणतो, उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं. पण जंतू मारते ती उष्णता. बुडबुडे येण्याने जंतू मरत नाहीत. 50 अंशांना उकळलेल्या पाण्याची खात्री देता येत नाही. म्हणून असं यंत्र बंदराजवळ, किनाऱ्याजवळ किंवा नदीच्या मुखाजवळ चालवत नाहीत, कारण तिथल्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असतं. भंडाऱ्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, ही आपल्या जिल्ह्याची जुनी डोकेदुखी आहे. खोल समुद्रात तयार केलेलं पाणीसुद्धा पिण्याआधी क्लोरीन किंवा अतिनील किरणांच्या दिव्याखालून जातं. शिवाय त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते बेचव लागतं आणि नळ कुरतडतं. म्हणून चुनखडीच्या खड्यांतून ते पुढे सोडतात.

माझ्या एका सफरीत बंदर सोडून तीन दिवस झाले होते, आणि बावीसपैकी नऊ माणसांना जुलाब सुरू झाले. बंदराचं आणि जहाजाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आधी स्वयंपाक्यावर संशय गेला, बिचाऱ्याला दोन दिवस कोणी सरळ बोललं नाही. मग पाणी तपासलं. पाणी भरून घेतलं तो नळ ठीक होता, टाकीही साफ होती. दोष निघाला मधल्या रबरी पाइपात. बंदरावरचा तो पाइप धक्क्यावर उघड्या तोंडाने पडलेला होता, त्याचं टोक डबक्यात होतं, आणि तसाच तो टाकीच्या तोंडाला जोडला गेला होता. चांगला झरा आणि चांगली टाकी, मधला तीस मीटरचा पाइप मात्र घाण. दवाखाना चार दिवसांच्या अंतरावर असताना जुलाबाने गळून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. तेव्हापासून पाण्याच्या वाटेवरची प्रत्येक गोष्ट हात लावून पाहायची सवय लागली.

जहाजावर या वाटेसाठी नियम आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची जहाजांच्या स्वच्छतेवरची मार्गदर्शिका आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजाला स्वच्छतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते सहाच महिने चालतं. खलाशांच्या हक्कांचा 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. चांगलं पिण्याचं पाणी खलाशाला मोफत मिळालं पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. कागद पुष्कळ आहेत. पण रोजचं काम पाच-सहा साध्या गोष्टींचं आहे, आणि त्या शाळेच्या टाकीला, तुमच्या घरच्या टाकीला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली गोष्ट, आत काही जाऊ द्यायचं नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, त्यावर खूण असते, दोन्ही टोकांना झाकणं असतात, आणि वापर झाला की तो जमिनीवर न ठेवता कपाटात टांगतात. भरण्याआधी थोडं पाणी वाहू देऊन पाइप धुऊन घेतात. टाकीच्या हवेच्या नळीचं तोंड खाली वळवलेलं असतं आणि त्याला बारीक जाळी असते. आता आपल्या गच्चीवरच्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. झाकण वाऱ्याने उडालेलं, त्यावर वीट ठेवलेली, जास्तीच्या पाण्याची नळी उघडी. त्यातून पाल जाते, चिमणीची पिसं जातात, डास अंडी घालतात. पाच रुपयांची जाळी आणि झाकणाला एक कुलूप, एवढ्याने निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट, क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. क्लोरीन टाकलं, संपलं, असं नसतं. ते घाणीशी झुंजण्यात खर्च होतं आणि उन्हात, उष्णतेत उडून जातं. साठ्यात पुढे काही शिरलं, तर त्याला मारायला थोडं क्लोरीन उरलेलं हवं. भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्राम क्लोरीन शिल्लक असावं. आपल्या ग्रामपंचायती-नगरपंचायतींत जी ओटी टेस्ट करतात, ती याचसाठी. पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग येतो का पाहायचं. जहाजावर गोळी टाकतात, गुलाबी रंग येतो. रंग वेगळा असला तरी प्रश्न एकच, शिल्लक आहे का? आणि ही तपासणी टाकीजवळ करायची नाही. सगळ्यात लांबच्या नळाला करायची. तिथे शिल्लक असेल तर वाटेत सगळीकडे आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्यावरच्या काळ्या टाकीत पाणी अंघोळीला विसण लागावं इतकं तापतं. सकाळी टाकलेलं क्लोरीन संध्याकाळपर्यंत टिकेल, याचा भरवसा नाही. शिवाय 25 ते 45 अंशांचं साचलेलं कोमट पाणी लिजिओनेला नावाच्या जंतूला फार मानवतं. तो पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. म्हणून जहाजावर थंड पाणी थंडच आणि गरम पाणी 60 अंशांच्या वरच ठेवायचा प्रयत्न असतो. आपण टाकीवर सावली तर करू शकतो. चार बल्ल्या आणि एक छप्पर पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट, पाणी साचून राहू द्यायचं नाही. जहाजावर एखादी खोली रिकामी असेल, तरी तिथले नळ दर आठवड्याला उघडून पाणी वाहू देतात. साचलेल्या पाण्यात नळाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. रांजण बरेच दिवस घासला नाही तर हाताला लागतो, तोच तो. त्या थरात जंतू घर करतात, आणि वरून टाकलेलं क्लोरीन आतपर्यंत पोचत नाही. शाळेचा विचार करा. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, एवढे दिवस टाकीतलं पाणी तसंच उभं असतं. कोरोनाच्या काळात तर शाळा महिनोन्महिने बंद होत्या. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मूल धावत येऊन तोटीला तोंड लावतं. त्याआधी कोणीतरी ती टाकी रिकामी केलेली असली पाहिजे.

चौथी गोष्ट, ठरलेल्या दिवशी टाकी उघडून साफ करायची. घासून तळाचा गाळ काढायचा, धुवायची, मग तीव्र क्लोरीनचं पाणी भरायचं. आम्ही लिटरला 50 मिलिग्राम असं प्रमाण धरतो. 2000 लिटरच्या टाकीला 100 ग्रॅम क्लोरीन झालं. आपल्याकडची टीसीएल पावडर 25 टक्के ताकदीची धरली, तर 400 ग्रॅम लागेल. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं. प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडायची, म्हणजे नळही धुतले जातात. मग किमान चार तास ठेवायचं, सगळं सोडून द्यायचं, ताजं पाणी भरायचं आणि तपासूनच प्यायला द्यायचं. हे काम सुट्टीच्या दिवशी, नळांवर पाटी लावून करायचं. हातमोजे घालायचे, नाकाला रुमाल बांधायचा, आणि टीसीएलमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. टीसीएल जुनी झाली, ओल लागली की तिची ताकद जाते. उघडं पोतं वर्षभर कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही.

इथे एक इशारा देतो. जहाजावर बंद टाकीत कोणी एकटा उतरत नाही. आधी तासन्‌तास हवा खेळवतात, मग यंत्राने प्राणवायू मोजतात. तो 20.9 टक्क्यांच्या आसपास असला तरच माणूस आत जातो, आणि तोंडाशी दुसरा उभा राहतो. लोखंड गंजतानाही हवेतला प्राणवायू खातं, त्यामुळे साध्या पाण्याच्या रिकाम्या टाकीतही माणूस बेशुद्ध पडू शकतो. आपल्याकडे विहिरीत, टाक्यांत उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. जमिनीखालच्या टाकीत पोरांना उतरवायचं नाही, हे आज या मंडपात सगळ्यांनी ऐकून ठेवावं.

पाचवी गोष्ट, सगळा साठा एकाच ठिकाणी ठेवायचा नाही. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चार बंदरं घेऊन मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात राहत. खेड्यात बसून समुद्राचा विचार करता येतो, हे आपण मोहाडीकरांनी लक्षात ठेवावं. अशा लहान बोटींवर लांबच्या प्रवासाला निघणारे लोक पाणी वेगवेगळ्या टाक्यांत आणि कॅनमध्ये विभागून ठेवतात. एक टाकी नासली, तिच्यात समुद्राचं पाणी किंवा डिझेल शिरलं, तरी बाकीचं हाताशी राहतं. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा आपल्या जिल्ह्याने पाहिलं की पाण्याने वेढलेल्या घरात प्यायला घोटभर पाणी नसतं. पावसाळ्यात घरात दोन झाकणबंद कॅन भरलेले असावेत, आणि आठवड्याला ते बदलावेत.

क्लोरीनची मर्यादाही सांगतो. ते जंतू मारतं, पण डिझेल, खत, फ्लोराइड किंवा नायट्रेट काढत नाही. उकळल्यानेही ते जात नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. आणि आज मंडपात आपण जे कॅनचं थंडगार आरओचं पाणी पितोय, त्यात बहुधा क्लोरीन शिल्लक नसतं. कॅन उघडल्यावर त्यात बुडवलेला एक हात किंवा पेला ते पाणी बिघडवायला पुरेसा आहे. त्यापेक्षा आपल्या आयांची पद्धत शहाणी होती. गुंड रोज घासायचा, माठ झाकायचा, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं, आणि हात घातला की पाठीत धपाटा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. जहाजावर पाण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाची असते आणि त्याची वही असते. पाणी कुठून घेतलं, किती, क्लोरीन किती निघालं, टाकी कधी उघडली, सगळं तारखेसह लिहायचं आणि खाली सही करायची. वहीत नाही ते काम झालंच नाही, असं धरतात. माणसं दर काही महिन्यांनी बदलतात, मी उतरतो आणि दुसरा चढतो. वही मात्र तिथेच राहते, म्हणून पाणी चांगलं राहतं. आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. गावोगावच्या शाळांच्या आवारात देणगीदारांची नावं कोरलेल्या टाक्या दिसतात. नाव स्वच्छ वाचता येतं, टाकीत शेवाळ असतं. देणाऱ्याने देऊन मोकळं व्हायचं, शाळेकडे माणूस नाही, पैसा नाही, आणि टाकी कोणाचीच राहत नाही.

म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे. मुख्याध्यापकांशी मी सकाळीच बोललो आहे, त्यांची संमती आहे. टाकीसोबत आपण एक जाड वही, क्लोरीन तपासायचा संच, कुलूप, जाळी आणि वरची सावली द्यावी. रोज सकाळी प्रार्थनेआधी आठवी-नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांसमोर सगळ्यात लांबच्या तोटीचं पाणी तपासावं आणि आकडा वहीत लिहावा. 0.2 पेक्षा कमी आलं तर ते पाणी कोणी प्यायचं नाही आणि नळयोजनेच्या माणसाला कळवायचं. मुलांसाठी हा प्रयोगही होईल. आम्लारी आणि क्लोरीन पुस्तकात वाचण्यापेक्षा, आपण पितो ते पाणी तपासणं त्यांच्या जास्त लक्षात राहील.

टाकी वर्षातून दोनदा साफ करायची, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडण्याआधीच्या रविवारी. त्याचा खर्च आणि अंगमेहनत आपल्या बॅचची. वर्षाचे महिने बारा आहेत. गावात आणि आसपास राहणाऱ्या बारा जणांनी एकेक महिना वाटून घ्यावा. आपल्या महिन्यात एकदा शाळेत यायचं, वही पाहायची, एका तोटीचं पाणी स्वतः तपासायचं आणि सही करायची. जे नागपूर, पुणे, मुंबईला किंवा परदेशात आहेत, त्यांनी संचाच्या गोळ्या संपू द्यायच्या नाहीत.

मंडपाच्या दाराशी टेबलावर ती वही ठेवली आहे. पहिल्या पानावर बारा महिन्यांची नावं लिहिली आहेत, समोरचे रकाने रिकामे आहेत. फीत कापण्याआधी ते भरले जावेत. जानेवारी मी घेतला आहे. मे महिना सगळ्यात कठीण, तो ज्याला उन्हाची सवय आहे त्या शेतकरी मित्राने घ्यावा, म्हणजे आमच्यासारख्यांची सुटका होईल.

गुरुजनांना एकच सांगतो. तुम्ही आमची हजेरी रोज घेतलीत, एक दिवसही चुकवली नाहीत, म्हणून आम्ही घडलो. आता या टाकीचीही रोज हजेरी लागावी, एवढं आमच्याकडून करून घ्या.